भिंतीवरचा डाग

पाहुणे येणार म्हटलं की आपण आधी घर आवरतो. मीही आवरायला घेतलं होतं. फक्त या वेळचा पाहुणा आमच्या घराची किंमत ठरवायला येणार होता.

ह्यांचा भागीदारीतला धंदा २०१९ साली बुडाला. क्रेडिट कार्डं, बँकेचं कर्ज, सगळं ह्यांच्या नावावर. २०२० साली ‘आयव्हीए’ केला. इंग्लंडमध्ये १९८६ च्या कायद्याने ही सोय आहे. मतं देणाऱ्या धनकोंपैकी, कर्जाच्या रकमेच्या हिशेबाने, ७५ टक्क्यांनी होकार दिला की करार ठरतो. आमचा पाच वर्षांचा, दरमहा हप्त्याचा. मॉर्गेज त्यात येत नाही, ते वेगळं भरायचंच. ह्यांचं नाव सरकारी नोंदवहीत लागलं, कोणालाही दिसेल असं. मंडळाच्या कार्यक्रमांना जाणं मी तेव्हाच कमी केलं. कोणी विचारलं तर, “मुलांच्या परीक्षा आहेत हो!”

करारात घराचं एक कलम होतं. शेवटचे सहा महिने उरले की घराची किंमत काढायची. तिच्या ८५ टक्क्यांतून मॉर्गेज वजा करायचं. पाच हजार पौंडांपेक्षा जास्त उरले तर ते नवं कर्ज काढून भरायचे, आणि तसं कर्ज मिळालं नाही तर आणखी बारा हप्ते.

आधी एका एजंटाला बोलावलं. तो हॉलमध्ये दहा मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, “सव्वातीन लाख सहज!” एरवी मी त्याला चहाबरोबर चिवडाही दिला असता. त्या दिवशी पोटात गोळा आला. मॉर्गेज होतं २,५९,०००. म्हणजे १७,२५० पौंड जास्तीचे!

हे म्हणाले, “त्याला घर विकायला मिळवायचंय, म्हणून आकडा फुगवतोय. आपण रीतसर सर्व्हेअर मागू.” देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनीही ते मानलं.

सर्व्हेअर यायच्या आदल्या रात्री मी भिंतीवरच्या ओलीच्या डागावर नेहमीप्रमाणे कालनिर्णय टांगायला गेले. हे म्हणाले, “राहू दे गं. आहे ते दिसू दे.” डाग मुद्दाम वाढवायचा नाही, पण लपवायचाही नाही. संसारात पहिल्यांदाच मी घर जसं आहे तसं परक्या माणसाला दाखवलं. गळकं छप्पर, जुना बॉयलर, सगळं.

किंमत आली ३,१०,०००. हिशेब केला तर उरले ४,५००. कलम लागू झालं नाही. २०२५ साली शेवटचा हप्ता गेला, आणि मी देवापुढे साखर ठेवली.

मंडळी, ज्यांच्यावर अशी वेळ आली असेल त्यांना एवढंच सांगते: करारातलं घराचं कलम सही करण्याआधी वाचा. किंमत एजंटाच्या तोंडी आकड्यावर सोडू नका, लेखी मागा. आणि आमच्यासारखं पाच वर्षं तोंड लपवून बसू नका. डाग झाकला म्हणून ओल काही जात नाही.

ती भिंत आता दुरुस्त झाली आहे. या, चहाला या!