सफारीनंतरचा समुद्र

पिंपळगाव बसवंत
सप्टेंबर

प्रिय ताई,


केनियात सिंह-हत्ती बघून झाल्यावर थेट घरी न येता मॉरिशसला वाळूत बसायला पैसे कशाला घालवायचे, हा दाजींचा प्रश्न तू कळवलास. तुमचं पुढच्या वर्षीचं ठरतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

सफारी म्हणजे आराम नव्हे. मसाई मारात पहाटे अंधारात उठायचं, थंडीत कुडकुडत जीपमध्ये बसायचं आणि दिवसभर धूळ खायची. जुलै ते सप्टेंबरच्या सुमाराला सेरेंगेटीकडून विल्डबीस्टचे लाखोंचे कळप तिथे येतात. ते नदीत उतरतील म्हणून तासन् तास काठावर डोळे लावून बसावं लागतं. जन्मात एकदा तरी बघावं असंच ते आहे. पण तिथेही माणूस सारखं कशावर तरी लक्ष ठेवून असतो, आणि आपलं तर वर्षच तसं जातं. आभाळ आलं की द्राक्षांवर डाउनी रोगाची धास्ती, माल तयार झाला की भावाची. ज्या घराला लक्ष ठेवायचीच सवय, त्याला सफारीनंतर लक्ष ठेवण्यासारखं काहीच नसलेली जागा हवी.

वेळेचं म्हणशील तर एप्रिलची खरड छाटणी मागे पडलेली असते, ऑक्टोबरची यायची असते, काडी पक्व होत असते. फवारण्या चालू असतात, पण माणसावर सोपवून निघता येतं. नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे ताडोबाचा गाभा बंद आणि कोकणचा समुद्र खवळलेला. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे तिथे तेव्हा हिवाळा; पण हिवाळा म्हणजे आपल्या दिवाळीनंतरच्या हवेसारखा. फक्त उतरायचं पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक आँ फ्लाकच्या बाजूला. पूर्वेकडे त्या महिन्यांत वारा फार.

बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा दूर तिथेच फुटतात आणि आतलं पाणी निवांत राहतं. म्हणूनच सासूबाई पाण्यात उतरल्या. आयुष्यभर विहीर आणि पाटाचं पाणी पाहिलेली बाई, लुगडं सावरत गुडघाभर पाण्यात बसून राहिली, कुणी उठवलं तरी उठेना. मुलं तळाचे मासे बघत होती. हे सुरूच्या झाडाखाली दुपारभर झोपले. लग्नानंतर मी त्यांना दुपारी असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. किनारे तिथे सगळ्यांचे आहेत, हॉटेलासमोरचेही. रविवारी गावोगावची कुटुंबं डबे घेऊन येतात, तेव्हा तर आपल्या यात्रेत बसल्यासारखं वाटलं.

यांना मात्र सगळ्यात नवल वाटलं दगडांचं. ऊस लावण्यासाठी शेतातून वेचून काढलेल्या काळ्या दगडांचे उंच ढीग रानात जागोजागी आहेत. दगड थेट आपल्या बांधावरचा! भूवैज्ञानिक सांगतात, पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेतून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वर आला, तिच्यातूनच पुढे मॉरिशस घडलं. आपली भूमी उत्तरेकडे सरकत आली आणि ती जागा मागे राहिली. सगळं बेट नाशिक जिल्ह्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढं, पण पायाखालचा दगड आपला.

ते दगड वेचणाऱ्यांत आपलीही माणसं होती. 1834 पासून करारावर मजूर नेले गेले, त्यांत रत्नागिरीकडचे मराठीही होते. पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या ज्या पायऱ्यांनी ते चढले, तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा आहे. तिथे अर्धा दिवस जरूर द्या. त्यांच्या पणतू-खापरपणतूंच्या घरात आज क्रिओल बोलली जाते, तरी शाळांतून मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. एवढ्या लांब, उसाच्या रानात राबून त्यांनी गणपती टिकवला, याचा मला फार अभिमान वाटतो. जमलं तर तुम्ही चतुर्थी तिथेच करा.

शाकाहाराची काळजी नको, रस्त्यावर दालपुरी मिळते. एक मात्र विसरू नका: केनियाला जायचं तर पीतज्वराची लस घ्यावीच लागते, तीही पुरेशी आधी. लस घेऊन 10 दिवस झाल्यावरच प्रमाणपत्र लागू होतं. ते नसेल तर मॉरिशसला आणि परतताना आपल्या विमानतळावरही अडवतात. ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून घ्या.

दाजींना सांग, खर्च कमी करायचाच असेल तर सफारीचा एक दिवस कमी करा, समुद्राचा नको. तुमच्या तासगावात आगाप छाटणी धरणार असाल तर तारखा त्याआधीच्या घ्या. आणि मामंजींना घरी ठेवून जाऊ नका.

तुझी,
धाकटी