आमचीं चार कुत्रीं

शाळेच्या वार्षिकासाठीं कांहीं तरी लिहून पाठवावें, असें पत्र आलें, तेव्हां प्रथम मनांत आलें कीं प्रवासवर्णनच लिहावें. आफ्रिकेंत नऊ वर्षें काढलेल्या माजी विद्यार्थ्याकडून वाचकांची तीच अपेक्षा असणार. सिंह, जिराफ, केनियाचें बर्फाच्छादित शिखर हें सर्व मीं पाहिलें आहे. परंतु खरें सांगावयाचें तर त्या नऊ वर्षांत मला जें शिकावयास मिळालें, तें सिंहांनीं शिकविलें नाहीं. तें आमच्या अंगणांतल्या चार कुत्र्यांनीं व घरांतल्या दोन मुलांनीं शिकविलें. त्यांतला एक धडा तर माझी मान खालीं घालावयास लावणारा आहे. तोच येथें लिहितों.

इ. स. २००७ सालीं नोकरीच्या निमित्तानें मी मालवण सोडून सहकुटुंब नैरोबीस गेलों. मुलगी तेव्हां दोन वर्षांची होती. मुलगा पुढें २०१० सालीं तेथेंच जन्मास आला. विषुववृत्ताजवळचा देश म्हणजे नुसती भट्टी असेल, अशी आमची समजूत. पण नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारें १,८०० मीटर उंचीवर वसलेली असल्यामुळें जून-जुलै महिन्यांत मुलांना लोकरीचे कपडे घालावे लागत. या शहराशीं आपल्या देशाचा संबंध जुना आहे. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळांत बांधला गेला. त्यासाठीं हिंदुस्थानांतून सुमारें ३२,००० मजूर नेण्यांत आले होते. १८९९ सालीं रूळ जेथें पोहोंचले, त्या मुक्कामांतूनच नैरोबी शहर उभें राहिलें. तेथील स्वाहिली भाषेंत मोटारीला ‘गारी’ म्हणतात व चपातीला ‘चपाती’च.

तेथें बंगल्यांच्या वस्तींत बहुतेक घरीं राखणीला कुत्रीं असतात. आमचें पहिलें कुत्रें घरमालकानें घराबरोबरच दिलें. त्याचें नांव सिंबा, म्हणजे सिंह. वय दोन वर्षें, आमच्या मुलीइतकेंच. पुढें एका पावसाळी रात्रीं दुमा ही कुत्री फाटकाशीं कुडकुडत आली ती आमचीच झाली. इंग्लंडला निघालेल्या एका शेजाऱ्यानें मोती आमच्या स्वाधीन केला. दुमाला झालेल्या पिल्लांपैकीं एक मुलांनीं ठेवून घेतलें, तिचें नांव बाय. अशा रीतीनें दोन मुलें व चार कुत्रीं असा आमचा प्रपंच झाला.

घरांत कांहीं नियम होते. खाणाऱ्या कुत्र्यास हात लावावयाचा नाहीं, निजलेल्यास उठवावयाचें नाहीं, आणि कुत्र्याचा दांत लागला तर तो लपवावयाचा नाहीं. एकदां धाकट्यानें मोतीच्या थाळींत हात घातला आणि मनगटावर ओरखडा उठला. आमच्या कुत्र्यांना दरवर्षीं लस टोंचली जात असे. तरीही वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें जखम धुऊन आम्हीं त्याला तडक डॉक्टरांकडे नेलें. पाश्चरनें १८८५ सालीं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला प्रथम ही लस टोंचली. आज लस उपलब्ध आहे, आणि तरीही केवळ भीतीनें चावा लपविल्यामुळें मुलें दगावतात. विद्यार्थ्यांनीं एवढें तरी लक्षांत ठेवावें.

२०१४ सालीं माझी आई सहा महिन्यांसाठीं आमच्याकडे राहावयास आली. तेथें फाटकाफाटकावर ‘म्ब्वा काली’ अशी पाटी असते. तिचा अर्थ ‘कुत्रा तापट आहे’ एवढाच. नातीनें पाटी वाचून दाखविली, तेव्हां आईनें हात जोडले व म्हणाली, “देवीचा नाव लिवलानी, ता बरा केलानी.” मुलें हंसतां हंसतां लोळलीं. पहिल्या आठवड्यांत तिचें म्हणणें असें कीं, कुत्र्याची जागा खळ्यांत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर नव्हे. दुसऱ्या आठवड्यांत तींच कुत्रीं त्या उंबऱ्यावर बसून तिच्या हातचा भाकरीचा तुकडा खात होतीं. तिला इंग्रजी येत नव्हतें, स्वाहिली तर नाहींच. ती त्यांच्याशीं आपल्या मालवणींत बोले. “हय ये.” “बसान रव.” “खय गेललस?” आणि चौघेंही ऐकत!

आतां आमच्या घरांतलें एक वैगुण्य सांगतों. मुलें आमच्याशीं इंग्रजींत बोलत. आम्हीं मराठींत विचारावें व त्यांनीं इंग्रजींत उत्तर द्यावें, हा परिपाठ पडला होता. माझें रागावणें, पत्नीचें समजावणें, सर्व फुकट गेलें. परंतु कुत्रीं आजीच्या शब्दांना अधिक मानतात हें पाहतांच मुलांनीं तेच शब्द उचलले. प्रथम हुकूम, मग लाड, मग तक्रारी. आजी परत गेल्यावरही अंगणांतून “गप रव रे” अशी हांक ऐकूं आली, कीं आम्हां दोघांस मालवणांत असल्यासारखें वाटे.

आजी रोज संध्याकाळीं व्हरांड्यांत महाभारत सांगत असे. महाप्रस्थानाच्या वाटेवर भाऊ व द्रौपदी एकामागून एक पडलीं, शेवटीं धर्मराजाबरोबर एक कुत्रा तेवढा राहिला, आणि “त्याला सोडून ये” असें इंद्रानें सांगितल्यावर धर्मराजानें स्वर्गच नाकारला, ही कथा मुलांनीं किती वेळां ऐकली असेल याची गणती नाहीं. ती सांगून होतांना मुलगी सिंबाच्या मानेंत हात घालून बसलेली असे.

२०१६ सालच्या मे महिन्यांत माझें काम संपलें व आम्ही परत निघालों. त्यापूर्वींच्या वर्षीं मोती वार्धक्यानें गेला होता. मुलांनीं त्याला अंगणांतल्या जॅकारंडाच्या झाडाखालीं पुरलें. दुमा व बाय यांचे लसीचे दाखले व परवाने मिळाले. सिंबा मात्र अकरा वर्षांचा झाला होता. त्याचें हृदय अशक्त झालें होतें. विमानाच्या पोटांत पिंजऱ्यांत बसून सहा तासांचा प्रवास त्याला झेपणार नाहीं, असें पशुवैद्यांनीं स्पष्ट सांगितलें. आमच्या फाटकावरचा वृद्ध पहारेकरी त्याला आनंदानें आपल्या घरीं घेऊन गेला. येथवर माझी चूक नव्हती. चूक पुढें झाली. निघण्याच्या गडबडींत मुलांचें रडणें मला नको होतें, म्हणून मीं त्यांना सांगितलें, “सिंबाला या विमानांत जागा नाहीं. तो मागाहून येईल.”

मालवणांत आल्यावर धाकटा रोज संध्याकाळीं बंदराच्या धक्क्यावर जाऊन बसूं लागला. सिंधुदुर्ग किल्ल्याकडून परतणाऱ्या प्रत्येक होडीकडे तो टक लावून पाही. एके दिवशीं त्यानें मला विचारलें, “बाबा, आपण घरीं कधीं जावयाचें?” मी चिडून म्हणालों, “हेंच आपलें घर!” पण रात्रीं झोंप येईना. आपल्या वेंगुर्ल्याची एक गोष्ट आठवली. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वैद्यकीय कामासाठीं तेथें राहिलेल्या कुटुंबांत १५ ऑगस्ट १९१९ रोजीं रॉबर्ट गोहीन यांचा जन्म झाला. वयाच्या पंधराव्या वर्षीं ते अमेरिकेस गेले, १९५७ सालीं प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि १९७७ सालीं अमेरिकेचे राजदूत म्हणून पुन्हां भारतांत आले. त्यांच्या आईबापांना वेंगुर्लें परदेश होता, पण तेथें जन्मलेल्या मुलाला तो परदेश कसा वाटावा? जेथें मूल रांगलें तें त्याचें घर. परदेश हा आईबापांचा असतो. मीं मुलांना घरीं आणलें नव्हतें. घरापासून दूर नेलें होतें, आणि वर खोटें बोललों होतों.

मुलीला तें आधींच कळलें होतें. दुसऱ्या दिवशीं ती शांतपणें म्हणाली, आणि मराठींत म्हणाली, “बाबा, धर्मराजानें इंद्राला खरें काय तें सांगितलें होतें ना?” सिंबाला सोडल्याबद्दल तिनें मला दोष दिला नाहीं. दोष दिला तो न सांगितल्याबद्दल.

त्याच संध्याकाळीं मीं दोघांना जवळ बसवून सर्व सांगितलें. धाकटा पुष्कळ रडला, आणि मीं त्याला रडूं दिलें. मग आम्हीं त्या पहारेकऱ्यास दूरध्वनि केला. त्यानें यंत्र सिंबाच्या कानाशीं धरलें. धाकट्यानें संवयीनें हांक मारली, “सिंबा, हय ये!” पलीकडून म्हातारा सांगूं लागला कीं, सिंबा उठला आहे, दाराकडे चालला आहे. तेव्हां मुलीनें भावाच्या हातांतून यंत्र घेतलें व हलकेच म्हणाली, “थयच रव, सिंबा. बरो रव.” थोड्या वेळानें म्हाताऱ्यानें सांगितलें, तो परत येऊन बसला.

सिंबा पुढच्या वर्षीं त्याच घरीं वारला. ती बातमी मीं त्याच दिवशीं मुलांना सांगितली. दुमाही आतां नाहीं. बाय म्हातारी झाली आहे व दिवसभर आईच्या खळ्यांत पडून असते. मुलें आतां मोठीं झालीं आहेत. शाळा, मित्र, वाचन यांसाठीं त्यांच्या भाषा निरनिराळ्या आहेत. पण तिच्याशीं बोलावयाचें झालें कीं अजूनही मालवणींतच.