नकाशाच्या कोपऱ्यातली चौकट

इमारतीचा, पुलाचा किंवा यंत्राच्या सुट्या भागाचा तांत्रिक नकाशा पाहिला, तर उजव्या हाताला खालच्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट आढळते. अभियंते तिला टायटल ब्लॉक म्हणतात. नकाशाचा क्रमांक, नाव, प्रमाण, काढणाऱ्याचे, तपासणाऱ्याचे व मंजुरी देणाऱ्याचे नाव, तारीख, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा नकाशा कितव्या सुधारणेचा आहे तो आकडा, एवढे त्यात असते. या चौकटीसाठी आपल्याकडे १९८५ पासून आयएस ११६६५ हे स्वतंत्र मानकही आहे.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. नकाशा वाचण्याचे शिक्षण मला नाही. परंतु नकाशावरून उभ्या राहिलेल्या कामाची देयके, वाद आणि वसुल्या वित्त शाखेत येतात, त्यामुळे या चौकटीशी माझी ओळख झाली ती नाइलाजाने.

कागदाच्या काळात ही माहिती दोनच ठिकाणी असे, नकाशावर आणि नकाशांच्या नोंदवहीत. बहुधा एकच माणूस एकाच दिवशी दोन्हीकडे लिहीत असे. मराठी वाचकाला बारनिशी हा शब्द ठाऊक असतो. कागद आत आला की त्यावरचा आवक क्रमांक आणि बारनिशीतला क्रमांक एकच, ही शिस्त आपल्या दप्तरात जुनीच आहे. पुढे संगणक आला. ऑटोकॅडची पहिली आवृत्ती डिसेंबर १९८२ मधली; आपल्या कार्यालयांत ते पसरायला बराच काळ गेला. चौकटीतले रकाने आता नकाशाच्या फाइलमध्येच साठवलेली मूल्ये झाली. मग दस्तऐवज व्यवस्थापनाची प्रणाली आली आणि तिने तीच माहिती आपल्या कोठारात वेगळी ठेवायला सुरुवात केली. यालाच हल्ली मेटाडेटा म्हणतात. म्हणजे दस्तऐवजाविषयीची नोंद. बारनिशीच ती, पण आता दोन बारनिशा झाल्या आणि त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या.

यातून काय होते ते एका प्रकरणावरून सांगतो. पूर्व भारतातल्या एका केंद्रीय संस्थेच्या कर्मचारी निवासांचे काम चालू होते. पावसाच्या पाण्याच्या गटारांचा उतार संकल्पन शाखेने बदलला आणि नकाशा प्रणालीत पुन्हा चढवला. प्रणालीने आपोआप नोंद केली, सुधारणा ३. चौकटीतला आकडा मात्र हाताने टंकायचा होता, तो २ च राहिला. तारीखही जुनीच. बांधकामाच्या जागेवरील कनिष्ठ अभियंत्याकडे दोन कागद होते, दोन्हींवर सुधारणा २, दोन्हींवर मंजुरीची एकच तारीख, आणि उतार वेगवेगळे. त्याने आधी आलेल्या कागदावरून गटारे बांधून घेतली. ती फोडून पुन्हा बांधावी लागली. कंत्राटदाराने जादा कामाचा दावा लावला आणि संस्थेने अभियंत्याला केंद्रीय नागरी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण व अपील) नियम, १९६५ मधील नियम १६ खाली आरोपपत्र दिले: निष्काळजीपणा, सबब नुकसानीची वसुली.

वसुलीच्या रकमेवर अभिप्रायासाठी फाइल माझ्याकडे आली. फाइलवर प्रणालीतला उतारा होता, त्यावर ठळक ‘सुधारणा ३’. जागेवरचे कागद कोणी जोडलेच नव्हते. ते मागवून घेतले. अभियंता ते स्वतः घेऊन आला. जास्त बोलला नाही; एवढेच म्हणाला, “सर, संगणकात तीन होते हे मला आरोपपत्रातून कळले.” दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्यावर लिहिण्यासारखे फारसे उरले नाही. जागेवर प्रणाली उघडण्याची सोय त्याला दिलेली नव्हती, हेही मी टिप्पणीत नोंदवले. आरोप पुढे वगळले गेले. मध्यंतरी पदोन्नती समितीचा त्याच्यापुरता निर्णय मोहोरबंद पाकिटात पडून होता, तो उघडला गेला. पण कनिष्ठ सहकारी वरच्या पदावर बसलेले पाहण्यात त्याचा जो काळ गेला, त्याची भरपाई कोणत्याच नियमात नाही.

हा दोष यंत्राचा नाही आणि आळसाचाही फारसा नाही, असे माझे मत आहे. रकाना भरण्याचे श्रम एकाचे आणि त्याचा लाभ दुसऱ्याचा, तोही अनेकदा दहा वर्षांनंतरचा. दुरुस्ती विभाग, लेखापरीक्षक, माहिती अधिकाराचा अर्जदार हे सारे लाभार्थी. रेखनकार मात्र घाईत आहे आणि त्याला त्यातून काहीच मिळत नाही. अशा स्थितीत माणूस कमीत कमी लिहितो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात. म्हणून परिपत्रके काढून हे सुटत नाही. एकदा लिहिलेले दुसऱ्यांदा लिहावेच लागू नये, एवढी सोय करावी लागते.

सोय करताना खरा प्रश्न येतो तो दिशेचा. दोन्हीकडे एकाच गोष्टीची नोंद असेल तर खरी कोणती? ‘जी शेवटची बदलली ती’ हे उत्तर सोपे वाटते पण घातक आहे. कारण मग मंजुरीची तारीखसुद्धा कोणी चुकून टंकली की तीच ग्राह्य ठरते. रकान्यागणिक मालक ठरवावा लागतो. क्रमांक, सुधारणा, मंजुरी आणि स्थिती यांची मालकी प्रणालीकडे. ती मूल्ये तेथून नकाशाच्या चौकटीत उतरावीत आणि चौकटीत हाताने बदलता येऊ नयेत. प्रमाण, कागदाचा आकार, नकाशाचे नाव यांची मालकी संकल्पकाकडे. ती नकाशातून प्रणालीत जावीत. बाकी खाचखळगे लहान पण चिवट असतात. एकीकडे ‘आर २’, दुसरीकडे ‘०२’. एका संगणकावर ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल, दुसऱ्यावर ४ मे. कोणी फाइल प्रणालीबाहेर आपल्या टेबलावर उघडून बदलली, तर ती परत चढेपर्यंत कोणालाच पत्ता नाही.

आणि कागद. छापलेला नकाशा कोणत्याही प्रणालीशी जुळवून घेत नाही. तो छापला त्या क्षणी गोठतो. त्यासाठी छपाईची तारीख व वेळ प्रत्येक प्रतीवर आपोआप उमटावी आणि नवी प्रत देताना जुनी परत घेऊन तिच्यावर ‘रद्द’चा शिक्का मारावा, ही जुनीच रीत मला अजून उत्तम वाटते. तरुण अधिकारी यावर हसतात.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(क) प्रमाणे अभिलेख सूचीबद्ध व अनुक्रमित ठेवणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. हे कलम आपण फायलींपुरते वाचतो. नकाशांची सूची त्यात येते, याची आठवण मी त्या संस्थेला करून दिली आणि रकान्यांच्या मालकीचा तक्ता जोडून पाठवला. उत्तर आले की तक्ता योग्य आहे, मात्र तो राबवण्याचे काम संगणक कक्षाचे, संकल्पन शाखेचे की अभिलेख शाखेचे, हे आधी ठरावे. मी फाइलवर लिहिले, संकल्पन शाखेचे, आणि कारण म्हणून ते दोन कागद पुन्हा जोडले.