पानगळीच्या रानातली दोन किलोमीटरची वाट

'वाळवंटातील भटकंती' या विषयावर निबंध लिहा म्हटले, की तुम्ही लगेच उंट आणि वाळूचे डोंगर लिहायला घेता. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वाळवंट नाही, हे खरेच. पण एप्रिल महिन्यात पांढरकवड्याच्या बाजूला सागाच्या एखाद्या टेकडीवर उभे राहून पाहा. झाडाला पान नाही, सावली नाही, नाल्यात पाणी नाही. पायाखाली नुसता मुरूम आणि वाळक्या पानांचा करकर आवाज!

दरवर्षी आठवी-नववीच्या मुलांना मी अशाच एका टेकडीवर नेतो. वाट जेमतेम दोन किलोमीटरची. वनरक्षक सोबत असतात. चांगले उजाडल्यावर निघायचे, ऊन तापायच्या आत परत यायचे, मागे कुणी एकटे राहायचे नाही. ही काळजी उगाच नाही. शेजारच्या राळेगाव तालुक्यात १३ जणांचा बळी घेतल्याचे सांगितली जाणारी अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली. त्या दिवसांतली भीती अजून गेलेली नाही. काही पालक म्हणतात, "सर, लेकरायले रानात कायले नेता?" त्यांचेही चुकत नाही. पण रान पुस्तकातल्या चित्रात दाखवून कळत नाही, असे मला वाटते.

आता वाटेवर काय दिसते ते सांगतो. मागच्या खेपेला एका सागाकडे बोट दाखवून मी विचारले, हे झाड जिवंत की मेलेले? बहुतेकांनी मेलेले ठरवले. एका पोराने फांदीची साल नखाने जराशी खरवडली आणि म्हणाला, "पाहा ना जी सर, आतून हिरवं हाये." सागाच्या एवढ्या मोठ्या पानांतून किती पाणी उडून जाईल! म्हणून झाड पानेच टाकून देते. याउलट कुसुमाला याच दिवसांत लालभडक पालवी फुटते, मोहालाही तांबूस पाने येतात. पाऊस दोन महिने लांब आहे आणि यांची नवी पाने तयार! दसऱ्याला जिची पूजा होते ती शमी, म्हणजेच राजस्थानातली खेजडी, तीही अशीच भर उन्हाळ्यात हिरवी असते. तिची मुळे फार खोल जातात.

वाटेच्या कडेला भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे इवले खड्डे दिसतील. तळाशी एक किडा मातीत दडलेला असतो. मुंगी घसरली की संपलीच. पोरे इथून हलतच नाहीत.

पुढे मात्र अर्धा उतार काळा पडलेला होता. मोहफुले पहाटे गळतात, ती पाचोळ्यात सापडत नाहीत, म्हणून झाडाखाली पाने जाळतात. कधीकधी ती आग पसरते. मोठी झाडे जाड सालीमुळे तगतात; रोपे मरतात. मी हे सांगत होतो तेव्हा वर्ग गप्प होता, कारण यातल्या कितीतरी मुलांच्या घरी वही-पेनाचे पैसे मोहफुलांतूनच येतात. मीही कुणाला दोष दिला नाही. झाडाखाली जुनी साडी किंवा जाळी अंथरली तर फुले स्वच्छ मिळतील, जाळायची गरज पडणार नाही, एवढेच बोललो.

एक मुलगी म्हणाली, "आमच्या झाडाखाली चार साड्या लागतीन सर." मग उतरताना कुणाच्या घरी किती जुन्या साड्या आहेत, याचाच हिशेब चालला होता.