एक प्रत घराबाहेर

जे जपायचं ते आपल्याच घरात, आपल्या नजरेसमोर असावं, असं मी बरीच वर्षं मानत होते. घरातल्यांचे फोटो, वडिलांच्या शेतीच्या वह्यांचे स्कॅन, आजीच्या आवाजातल्या ओव्या हे सगळं कर्जतच्या घरी संगणकात होतं आणि बॅकअपची हार्डडिस्क लोखंडी कपाटात. आपल्या खासगी गोष्टी दुसऱ्याच्या घरी किंवा इंटरनेटवर ठेवायला मन घेत नसे. आज माझं मत उलट आहे.

ते बदलू लागलं इरशाळवाडीनंतर. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या या वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. त्या दुःखापुढे कागद आणि फोटो काहीच नाहीत. तरी वाचलेल्यांचा विचार करताना एक गोष्ट मनातून जाईना. आधार किंवा रेशनकार्ड पुन्हा मिळतं, कारण त्याची नोंद दुसरीकडे असते. गेलेल्या माणसाचा घरातला एकुलता एक फोटो कुठून मिळणार?

आधी वाटलं, अग्निरोधक तिजोरी घ्यावी. माहिती काढली तेव्हा कळलं, की कागदासाठीच्या तिजोरीत आगीच्या वेळी आतलं तापमान १७७ अंश सेल्सिअसपर्यंत गेलेलं चालतं. कागद तेवढं सोसतो. संगणकाच्या नाजूक माध्यमांसाठी मात्र सर्वांत कडक कसोटी ५२ अंशांची आहे. शिवाय अशा अनेक तिजोऱ्यांच्या अस्तरातलं पाणी तापून वाफ होते आणि ती ओल डिस्कला बाधू शकते. आणि चोर? तो कपाट-तिजोरीकडेच आधी वळतो. छोटी तिजोरी तर उचलूनच नेतो.

मग प्रश्नच बदलला. पेटी किती भक्कम, यापेक्षा दोन प्रतींमध्ये अंतर किती, हे महत्त्वाचं वाटू लागलं. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम हेच सांगतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी.

आता एक डिस्क घरी असते आणि दुसरी खोपोलीला धाकट्या भावाकडे. कर्जतला उल्हास, खोपोलीला पाताळगंगा, खोरी वेगळी. पण मोठ्या पावसात दोन्ही नद्या एकदमच फुगू शकतात, म्हणून सर्वांत मोलाच्या फायली क्लाउडवरही ठेवल्या आहेत. भावाकडे जाताना नवी डिस्क नेते, जुनी आणते. पावसाळ्यानंतर दोन्हींमधल्या काही फायली उघडून पाहते. आमच्याकडच्या दमट हवेत नुसतं ठेवून भागत नाही.

खासगीपणाची भीतीही आता उरलेली नाही. दोन्ही डिस्क एन्क्रिप्ट केल्या आहेत. चोराच्या हाती लागल्या तरी पासवर्डशिवाय त्यांतलं काही वाचता येणार नाही. उलट कपाटातली माझी जुनी डिस्क कुणीही जोडून पाहू शकलं असतं.

एक काम मात्र तितकंच गरजेचं निघालं. पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात असेल, तर माझ्यामागे सगळ्या प्रती असून नसल्यासारख्या. म्हणून तो कागदावर लिहून, बंद पाकिटात, मुलीच्या हवाली केला आहे. तिचं घर तिसऱ्याच गावात आहे.