दप्तर कशावर आहे?

संगणकाच्या पोटात आपले लेखन ज्या वस्तूवर वास करते तिची जात ओळखणे एके काळी इतके सहज होते की त्यासाठी वेगळे काही शिकावे लागेल असे कोणाच्या मनातही आले नसते. हार्ड डिस्क तेव्हा डोळ्यांआधी कानांना कळे. १९९० च्या सुमारास मी ज्या कचेरीत नोकरीस होतो तेथे पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसवलेला, डॉसवर चालणारा आणि म्हणूनच मराठी लिहू शकणारा एक संगणक होता. सकाळी त्याची कळ दाबली की प्रथम बारीक, चढत जाणारी घरघर उठे, ती एका स्वरावर स्थिरावे, आणि मग आतल्या भुजेची कटकट कानी आली म्हणजे यंत्र वाचू लागले असे आम्ही समजत असू. 'ए' आणि 'बी' ही अक्षरे फ्लॉपीच्या दोन ड्राइव्हांनी आधीच अडवलेली, म्हणून हार्ड डिस्कच्या वाट्याला 'सी' आले. फ्लॉपी नामशेष झाली तरी ही वहिवाट आजतागायत चालू आहे.

१९५६ साली आयबीएमने रॅमॅक यंत्राबरोबर जी पहिली हार्ड डिस्क आणली तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, तिचे वजन टनाच्या घरात होते, आणि एवढ्या अवाढव्य देहावर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. पुढे तो देह तळहातावर मावेल इतका आक्रसला, तरी तत्त्व पालटले नाही: चुंबकीय लेपाची तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या घेते, आणि वाचणारे टोक तिच्या पृष्ठभागाला स्पर्श न करता, अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत जाते. ७,२०० फेऱ्यांच्या वेगातही एका प्रदक्षिणेस ८ मिलिसेकंदांहून थोडा अधिक काळ लागतो; हवे ते अक्षर टोकाखाली येईपर्यंत यंत्राला थांबणे भाग असते. आमच्या कचेरीतील सगळी दिरंगाई अर्थातच तेवढ्यातून उद्भवत नव्हती, पण संगणकाची बरीचशी तेथूनच येई.

निवृत्तीनंतर गावच्या वाचनालयातील जुन्या नियतकालिकांच्या स्कॅन केलेल्या प्रती सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले, आणि देणगीदाखल मिळालेल्या नाना प्रकारच्या यंत्रांत ते दप्तर नेमके कशावर ठेवले आहे याची खातरजमा करण्याची गरज तेव्हा प्रथम भासली. दोन वस्तू शेजारी ठेवून पाहिल्या. दोन्ही अडीच इंची, दोन्हींचे सॅटा जोड हुबेहूब सारखे. परंतु एक हातात घेताच तिचे ॲल्युमिनियमचे वजन जाणवते, लेबलावर फेऱ्यांचा आकडा असतो, आणि एका कोपऱ्यात हवेच्या येण्याजाण्यासाठी सूक्ष्म छिद्र ठेवून ते झाकू नये अशी ताकीद छापलेली असते. दुसरी पोकळ वाटावी इतकी हलकी. तिच्यात फिरणारे काहीच नाही. तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात सिद्ध केलेल्या फ्लॅश स्मृतीच्या असंख्य कोशांत विद्युत्भार कोंडून ती अक्षरे धारण करते. हीच एसएसडी. तिचा अलीकडचा अवतार तर २२ मिलिमीटर रुंदीची उघडी पट्टीच आहे, आणि तीत पुन्हा दोन कुळे: जोडाच्या कडेला दोन खाचा असल्या तर ती बहुधा सॅटाची, एकच असली तर बहुधा एनव्हीएमईची. शंका उरली तर लेबल वाचावे, ते अधिक विश्वासार्ह.

यंत्र उघडण्याची तसदी घ्यायची नसेल तर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर डिस्कच्या नावाखाली एचडीडी की एसएसडी ते लिहिलेले सापडते. लिनक्समध्ये 'रोटेशनल' नावाची एक नोंद असते. तबकडी फिरणारी असेल तर तेथे १, नसेल तर ०. यूएसबीच्या पेटीत बसवलेल्या डिस्कविषयी मात्र या नोंदी पुष्कळदा चुकीचे सांगतात, कारण मधला पूल खरी ओळख पुढे पोचवीतच नाही. अशा वेळी मी पेटी उघडतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाचनालयातील तरुण सहकारी विचारतात. वेग तर वापरतानाच कळतो, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु या दोन वस्तूंची विस्मृतीची रीत अगदी निराळी आहे, आणि दप्तर सांभाळणाऱ्याला ती ठाऊक असलीच पाहिजे. गेल्या वर्षी एका दुर्मिळ दिवाळी अंकाची प्रत चुकून पुसली गेली. ती हार्ड डिस्कवर होती. तेथे फाइल पुसली म्हणजे केवळ तिची जागा रिकामी झाल्याची नोंद होते, मूळ मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो. म्हणून यंत्र तत्काळ बंद करून जाणत्याच्या हाती दिले आणि सर्व पृष्ठे परत मिळाली. एसएसडीत मात्र 'ट्रिम' हा हुकूम मोकळ्या जागेची वर्दी आत पोचवतो, आणि ड्राइव्ह आपल्या सवडीने ते कोश खरोखरच साफ करतो. तेथे तो अंक हाती लागण्याची आशा जवळजवळ नव्हतीच. शिवाय जुनी डिस्क मरताना पुष्कळदा ठोके देऊन सावध करते, तर एसएसडी कधीकधी काही न बोलता जाते. आणि ती दीर्घकाळ विजेवाचून पडून राहिली तर कोंडलेला भार हळूहळू झिरपतो, उन्हाळ्यात अधिक वेगाने.

साठानोंदवहीत आता 'माध्यम' असा एक रकाना आहे, आणि कोणतेही यंत्र वाचनालयात आले की तो भरल्यावाचून त्यावर एकही पान ठेवले जात नाही. वाचकांना दाखवायच्या प्रती एसएसडीवर असतात, कारण तेथे वेगाचे सुख आहे. जतनाच्या दोन प्रती हार्ड डिस्कांवर, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. मार्च आणि सप्टेंबरात दोन्ही चालू करून मूळ यादीबरहुकूम त्यांची रुजवात घेतली जाते, आणि त्या वेळी तबकडीचा आवाज जरासा जरी बदललेला वाटला तरी नवी डिस्क मागवण्याचा अर्ज त्याच दिवशी जातो.