लोअर परळ ते नायगाव, व्हाया कूपन

तुमच्या पाकिटात आत्ता किती कूपन्स आहेत? पिझ्झाचं एक, सलॉनचं एक, मागच्या महिन्यात किराण्याच्या बिलाबरोबर काउंटरवरच्या मुलीनं हसून दिलेलं एक. मोबाइलमध्ये स्क्रीनशॉट मारून ठेवलेले प्रोमो कोड वेगळेच. आता खरं सांगा, त्यातली वापरलीत किती?

गप्प बसलात ना! हरकत नाही. एखाद्या शनिवारी शूज घाला आणि लोअर परळ स्टेशनला उतरा. तिथून करी रोड, लालबाग, परळ करत नायगाव. फार तर चार-साडेचार किलोमीटर. घरखर्चातले पैसे कसे वाचवायचे याच्या मुंबईत जेवढ्या म्हणून तऱ्हा आहेत, त्यातल्या बऱ्याचशा एवढ्या पट्ट्यात सापडतात. कूपन ही त्यातली सगळ्यात चकचकीत.

सुरुवात फिनिक्सपासून. ही एके काळची कापड गिरणी, तिची चिमणी आजही मॉलच्या काचांमधून डोकं वर काढून उभी आहे. ब्रँडेड दुकानांची भाऊगर्दी व्हायच्या आधी इथे मध्यमवर्गाला खेचून आणलं ते बिग बझारनं. २६ जानेवारी २००६ ला ‘सबसे सस्ता दिन’ होता तेव्हा देशभरातल्या त्यांच्या दुकानांसमोर अशी झुंबड उडाली, की काही ठिकाणी शटर ओढून घ्यावी लागली. पण मला त्याहून भारी वाटते ती त्यांची एक्स्चेंज ऑफर. घरातली रद्दी, जुने कपडे, डबे-भांडी घेऊन या, वजन करा, कूपन घ्या. रद्दीवाल्यापेक्षा कितीतरी चढा भाव! लोक टॅक्सीतून गाठोडी घेऊन यायचे. मेख पुढे होती. पाचशेचं कूपन वटवायचं तर दोन हजारांची खरेदी करायची, म्हणजे कूपनच्या चौपट. रद्दीला भाव मिळत होता तो रद्दीचा नव्हताच, तो आपल्या पुढच्या दीड हजारांचा होता. पण काय डोकं आहे बॉस! माळा रिकामा झाल्याचा आनंद फुकट. २०२२ मध्ये बिग बझारचा कारभार आटोपला. चौपटीचं गणित मात्र प्रत्येक अ‍ॅपमध्ये मजेत नांदतंय.

माझंच उदाहरण. एका सुपरमार्केटनं (नाव कशाला?) मला दिलेलं कूपन होतं ‘२,००० वर ३०० रुपये सूट’. माझी महिन्याची यादी होती १,३५० ची. म्हणजे ६५० चं सामान वाढवायचं, मग भरायचे १,७००. तीनशे वाचवायला खिशातून साडेतीनशे जास्त! फ्रीलान्सरला चेक कधी येईल याचा भरवसा नसतो आणि भाड्याची तारीख कधी चुकत नाही, त्यामुळे मी काउंटरसमोर उभं राहून हा हिशेब केला आणि कूपन पर्समध्ये परत ठेवलं. पुढच्या आठवड्यात आम्ही तिघी रूममेट्सनी कॉन्ट्री काढून एकच बिल केलं. तांदूळ, तेल, डाळी, कपड्यांची पावडर. आपसूक २,००० च्या वर गेलं. तेच कूपन, आणि या वेळी तीनशे खरोखरच वाचले.

दुसरी एक गोष्ट लोक बघतच नाहीत. कूपनवरचे टक्के बहुतेक वेळा एमआरपीवर मोजलेले असतात. एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत, भाव नव्हे. कोपऱ्यावरचा वाणीही अनेकदा त्याच्या खालीच देतो. तेव्हा ‘२० टक्के ऑफ’ वाचून हुरळू नका, किलोला शेवटी कितीला पडलं ते बघा. पाकिटावर एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापलेला असतो, तोच वाचायचा. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं हाही एक गैरसमजच.

फिनिक्समधून बाहेर पडून पूल ओलांडला की ना. म. जोशी मार्ग. इथल्या गिरण्यांच्या आवारांत आता ऑफिसं आणि रेस्तराँ. लंच अवरला हा रस्ता एके काळी सोडेक्सोवर चालायचा. पगाराबरोबर मिळणारी ती पुस्तिका आठवते? कूपन दिलं की सुटे पैसे परत नाहीत, फार तर दोन चॉकलेटं. महिनाअखेरीला उरलेली कूपन्स किराण्याच्या दुकानात खपवायची. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०१७ अखेर ही कागदी कूपन्स बंद झाली आणि सगळं कार्डावर आलं. कार्डावर पैसे संपत आलेत हे बोटांना कळत नाही. पुस्तिका मात्र दिवसेंदिवस पातळ होताना दिसायची. मला तीच बरी वाटते.

जेवणाची अशी सोय गिरणगावाला नवी नव्हती. कोकण-घाटावरून एकट्यानं आलेले कामगार खानावळवालीकडे महिना लावायचे आणि पगार झाला की पैसे चुकते करायचे. तोवर ती बाई वाण्याकडून उधारीवर सामान आणायची, नाहीतर सावकाराकडून पैसे उचलायची. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार थांबले म्हटल्यावर महिन्याच्या जेवणाची आणि उधारीची ही सगळी साखळीच खिळखिळी झाली.

करी रोडचा पूल उतरून भारतमातापाशी आलात की पुढे लालबाग. मिरची गल्ली शोधावी लागत नाही, नाकच नेतं. शिंका येणारच, रुमाल हाताशी ठेवा. मार्च ते मे या दिवसांत गेलात तर पाय ठेवायला जागा नसते. पोत्यांमध्ये ब्याडगी, काश्मिरी, संकेश्वरी, लवंगी, शेजारी धणे, दगडफूल, नागकेशर, जायपत्री. मिरच्या घ्यायच्या, देठं काढायची, मसाला भाजून घ्यायचा आणि डंकावर कुटायला द्यायचा. आपल्यासमोर!

‘‘किती माणसांचं करायचंय, ताई?’’ दुकानातल्या मावशींनी मला विचारलं.

‘‘तिघींचं. पण रोज घरी जेवत नाही.’’

‘‘मग एक किलो मिरची बास. रंगाला ब्याडगी जास्त घ्या, तिखटाला लवंगी मूठभर. जास्त नेऊ नका, पावसाळ्यात जाळी धरेल.’’

कुठल्या सुपरमार्केटमध्ये ‘जास्त नेऊ नका’ असं ऐकलंय? मी तरी नाही. त्या एका वाक्यात माझे जेवढे पैसे वाचले तेवढे वर्षभराच्या कूपन्सनी वाचले नसतील. इथे घासाघीस फारशी चालत नाही, भाव ठरलेले असतात. पण वरच्या दर्जाचीच मिरची घ्या असा आग्रहही कोणी करत नाही.

लालबागहून आंबेडकर रोडनं सरळ उत्तरेला. परळ, मग हिंदमाता (कापडखरेदीचा मोह आवरा), तिथून उजवीकडे आत नायगाव. गोविंदजी केणी रोडवर अपना बाजार. १९४८ साली कामगारवस्तीत सुरू झालेलं हे सहकारी ग्राहक भांडार. कल्पना साधी: भाग घेऊन सभासद व्हायचं, सगळ्यांचं मिळून घाऊक सामान आणायचं आणि नफा झाला तर लाभांश सभासदांना. कमीत कमी खरेदीची अट नको, मुदत संपायची भीती नको. सूट मिळते ती आपणच दुकानाचे मालक असतो म्हणून.

हाच धागा मुंबई ग्राहक पंचायतीनं १९७५ पासून आणखी पुढे नेला. तिथे तर दुकानसुद्धा नाही. आसपासची कुटुंबं मिळून एक संघ करतात, महिन्याची मागणी आधी नोंदवतात, सामान कुणा एकाच्या घरी येतं आणि सगळे मिळून वाटून घेतात. बिंदुमाधव जोशी आणि संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी माणसं या कामाच्या सुरुवातीला होती.

आमच्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहणारे आमच्यासारखे पाच फ्लॅट आहेत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेच, त्यावर सध्या फक्त पाणी कधी येणार एवढंच विचारलं जातं. मी गेल्या आठवड्यात तिथे तांदूळ, तूरडाळ आणि तेलाची यादी टाकली. चार फ्लॅट हो म्हणालेत. पाचव्यानं विचारलंय, ‘‘काही प्रोमो कोड आहे का?’’